डाव्या बरगडीचा फॉल्ट

कमलाकांत धैर्यवान यांनी छत्तीस वर्षं या शहराच्या पोटातल्या विजेच्या केबली जोडल्या. भर पावसात, गुडघाभर चिखलात, खड्ड्यात उकिडवं बसून जोडल्या. पण सदुसष्टाव्या वर्षी त्यांच्या वाट्याला सगळ्यात अवघड काम आलं ते म्हणजे अंगात बनियन घालायचं. वाचणाऱ्याला हसू येईल. त्यांना स्वतःलाही यायचं, पण हसताना बरगडी हलायची आणि हसू तिथल्या तिथे विरून जायचं.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या डाव्या बाजूला, पाठीपासून काखेखालून थेट छातीपर्यंत, पाण्याने टरारलेल्या फोडांचा पट्टा उठला. नागीण. हे नाव ऐकताच गिरगावातली त्यांची अख्खी वाडी वैद्य होऊन बसली. तळमजल्यावरून गेरू आला, तिसऱ्या मजल्यावरून कसलासा पाला आला. समोरच्या काकू तर रोज सकाळी दारात उभ्या राहून पट्टा कुठवर आला ते विचारायच्या, कारण नागिणीचं तोंड आणि शेपटी जुळली की माणूस संपतो असं त्यांचं ठाम मत होतं. नलूबाईंनी, म्हणजे कमलाकांतांच्या पत्नीने, गेरू कुंडीत टाकला आणि नवऱ्याला पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. तीन आठवड्यांत खपल्या पडल्या, कातडी साफ झाली. नागीण गेली, पण जाताना डंख मागे ठेवून गेली.

तो डंख भलताच लहरी होता. बरगडीवर जोरात दाबलं तर एक वेळ चालायचं, पण पातळसा कपडा घासून गेला की कुणी तापलेली इस्त्री टेकवल्यासारखं व्हायचं. परळच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं की फोड बरे झाले तरी आतला मज्जातंतू जखमी राहिलाय, आणि तो काही नसताना दुखण्याचे संदेश पाठवतोय. त्यांनी त्यावरची गोळी दिली. गोळीने झोप लागू लागली, पण ती जरा जास्तच लागू लागली. एकदा तर भुजण्याच्या कालवणातला बोंबील हातात धरून कमलाकांत ताटावरच पेंगले. मग डॉक्टरांनी गोळीची मात्रा बेताची केली. आतली ठसठस कमी झाली, पण कपड्याचा चटका काही हटला नाही.

हातात हुन्नर असलेला माणूस स्वस्थ बसत नाही. भिंतीवरच्या वायरी झाकायला प्लॅस्टिकची पट्टी लावतात, तिचे तुकडे गरम करून कमलाकांतांनी वाकवले आणि एक कमान तयार केली. ती छातीला बांधून वर शर्ट घातला की कापड कातडीला लागत नसे. दिसायला मात्र शर्टात कुणी जेवणाचा डबा लपवल्यासारखं दिसायचं. दादरच्या फुलबाजारात एका हवालदाराने त्यांना बाजूला घेऊन आत काय आहे म्हणून विचारलंसुद्धा. कमलाकांतांनी बटणं सोडून त्याला सगळी रचना समजावून सांगितली. हवालदार कंटाळून निघून गेला तरी त्यांचं समजावणं चालूच होतं.

हे सगळं गमतीत निभावलं असतं, पण मधे मनवा होती.

मनवा म्हणजे त्यांची नात, मुलगी वैदेहीची मुलगी, दहा महिन्यांची. वैदेही करी रोडच्या एका टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर राहते. मनवाला एक खोड आहे. कुणीही उचललं की ती आपलं डोकं त्याच्या छातीवर डाव्या बाजूला आपटते, दोन-तीनदा घासते आणि मग तिथेच गाल टेकून पडून राहते. दूधवाल्यापासून लिफ्टमनपर्यंत सगळ्यांच्या छात्या तिने तपासलेल्या. फक्त आजोबांची राहिली होती, कारण ऑक्टोबरनंतर आजोबांनी तिला एकदाही उचललं नव्हतं.

खरं कारण त्यांनी वैदेहीला सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही कारण होतं. अंगावर नागिणीचे ओले फोड असताना तान्ह्या मुलाला त्यातून कांजिण्या होऊ शकतात, म्हणून वैदेहीने दीड महिना मनवाला गिरगावात आणलं नव्हतं. बरोबरच केलं होतं तिने. पण तो दीड महिना कमलाकांतांना फार जड गेला. आता पुन्हा नागिणीचं नाव काढलं तर पुन्हा दार बंद होईल, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली. फोड गेल्यावर कसली लागण आणि कसलं काय, हे नलूबाईंनी दहादा सांगितलं. पटत होतं, पण धीर होत नव्हता. म्हणून त्यांनी लेकीला सांगितलं की कमर धरलीये आणि शर्टातली कमान हा कमरेचा पट्टा आहे. आडनाव धैर्यवान असलं तरी ते काही रोज वापरायची वस्तू नव्हे.

मार्चमध्ये एकदा वैदेही आली असताना मनवा रांगत रांगत त्यांच्या पायाशी आली, त्यांच्या लेंग्याला धरून उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले. कमलाकांत उठले आणि पाणी प्यायला आत निघून गेले. स्वयंपाकघरात ते माठासमोर नुसतेच उभे राहिले, पाणी काही प्यायले नाहीत. निघताना चपला घालता घालता वैदेहीने आईला हळूच विचारलं, की बाबांना आता लहान मुलांचा कंटाळा येतो का? नलूबाईंनी ते शब्द जसेच्या तसे नवऱ्याच्या कानावर घातले. त्या रात्री बरगडीपेक्षा तेच जास्त लागलं.

त्यातच मनवाचे कान टोचायचं निघालं. त्यांच्या घरात कान टोचताना मूल मामाच्या मांडीवर बसवतात. मामा म्हणजे राजस, वैदेहीचा धाकटा भाऊ, मेलबर्नला असतो. त्याला रजा मिळेना. त्याने फोनवर सांगितलं, बाबा, माझ्या जागी तुम्हीच बसा. कमलाकांत मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर घामाघूम झाले. मेमधला शेवटचा रविवार ठरला. हातात सहा-सात आठवडे होते, आणि तेवढ्यात त्यांना आपली डावी बाजू एका रडणाऱ्या पोरीचं डोकं सोसेल अशी करून आणायची होती.

दादरच्या डॉक्टर अपूर्वाचा पत्ता नलूबाईंनीच काढला. ही मुलगी सुयांनी उपचार करते आणि त्या सुयांना वायरी लावून बारीकसा करंट सोडते, एवढं ऐकल्यावर कमलाकांत खुर्चीतून उठून उभे राहिले. करंट अंगाबाहेर ठेवणं हीच तर त्यांची आयुष्यभराची नोकरी. नलूबाई शांतपणे म्हणाल्या, "सगळ्या मुंबईला करंट दिलात, आता थोडा स्वतः घ्या." आणि त्यांनी दोन दिवसांनंतरची वेळ घेऊनही टाकली.

अपूर्वाच्या दवाखान्यात शिरताच कमलाकांतांनी आधी भिंतीवरचा सॉकेट पाहिला, मग खिशातून टेस्टर काढला आणि अर्थिंग कुठे दिलंय अशी चौकशी केली. तिने हसून मशीन त्यांच्या हातात ठेवलं. बघतात तर रेडिओएवढा डबा आणि आत एक छोटा चौकोनी सेल. पोरांच्या खेळण्यात असतो तसला. कमलाकांत जरा हिरमुसले. एवढ्याशा सेलला आपण घाबरलो हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

अपूर्वाने आधी छातीत पेसमेकर आहे का ते विचारलं, इस्पितळाचे कागद नीट वाचले आणि चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत असं बजावलं. मग तिने उपचार समजावून सांगितला. मणक्याच्या बाजूला, जिथून तो जखमी मज्जातंतू निघतो तिथे, केसासारख्या बारीक सुया टोचायच्या, काही सुया दुखऱ्या पट्ट्याच्या कडेने. त्यांना चिमटे लावून अगदी कमी करंटचे ठोके द्यायचे. अशा ठोक्यांनी शरीर स्वतःचीच वेदना शमवणारी द्रव्यं सोडतं आणि मणक्यातून मेंदूकडे जाणारा दुखण्याचा निरोप मंदावतो, असं अभ्यासांतून दिसतं. पण तिने हेही स्पष्ट सांगितलं, की काहींना चांगला गुण येतो, काहींना थोडा, काहींना काहीच नाही, आणि या विषयावरचे अभ्यासही अजून थोडेच आहेत. बारा वेळा करून बघू, आठवड्यातून दोनदा.

कमलाकांतांना हा प्रामाणिकपणा आवडला. उपचारही त्यांना आपल्या भाषेत लगेच कळला. केबलचं वरचं आवरण खराब झालं की करंट नको तिथे फुटतो. दिवा लुकलुकतो लालबागच्या घरात, आणि फॉल्ट निघतो चार गल्ल्या अलीकडे रस्त्याखाली. बरगडी हा नुसता लुकलुकणारा दिवा, दोष मागे मणक्याकडच्या केबलमध्ये. ही पोरगी आपल्याच धंद्यातली आहे असं त्यांनी नलूबाईंना परतीच्या वाटेवर तीनदा सांगितलं.

पण त्याआधी एक गोष्ट घडली होती, आणि तीच या सगळ्या गोष्टीची मेख आहे.

सुया टोचून झाल्या. मुंगी चावल्याइतकंही कळलं नाही. कमलाकांत कुशीवर पडले होते. मशीनच्या बटणावर हात ठेवून अपूर्वा म्हणाली, "काका, मी हळूहळू वाढवत जाते. झिणझिण्या आल्या की सांगा, मग आणखी थोडं वाढवू. जोरदार पण सोसवेल इतकं झालं की बस म्हणा."

बटण टिक करून वाजलं.

"बस," कमलाकांत म्हणाले.

खरं तर त्यांना काहीही जाणवलं नव्हतं. झिणझिणी नाही, ठोका नाही. पण टिक ऐकली आणि तोंडातून शब्द निघून गेला. अपूर्वाला वाटलं, नाजूक कातडी आहे, होतं असं काहींचं. तिने बटण तिथेच ठेवलं. मशीनवरचा हिरवा दिवा वीस मिनिटं लुकलुकत राहिला, कमलाकांत वीस मिनिटं समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, आणि दिवा लागलाय म्हणजे काम चालू आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली. दुसऱ्या कुणी असा आळस केला असता तर फोरमन धैर्यवानांनी त्याला कॉलर धरून खड्ड्याबाहेर काढला असता.

दुसऱ्या वेळीही तसंच झालं. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वेळीही. टिक की बस. सहाव्या वेळेनंतर अपूर्वाच्या कपाळावर आठी आली. आतापर्यंत थोडा तरी फरक दिसायला हवा होता, असं ती म्हणाली. कमलाकांतांनी घरी एक वही केली होती, नोकरीतल्या फॉल्ट रजिस्टरसारखी. ठिकाण, वेळ, दोषाचा प्रकार, केलेलं काम, असे रकाने. सहाही दिवसांच्या शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता: जैसे थे. मे उजाडला होता. घामाने शर्ट अंगाला चिकटू लागला होता, आणि कान टोचायचा रविवार चार आठवड्यांवर आला होता. कमलाकांत नलूबाईंशी तुटक बोलू लागले. दुपारी खिडकीत बसून राहू लागले. राजसला फोन करून दुसरं कुणी बसव म्हणून सांगावं, असं त्यांनी दोनदा ठरवलं आणि दोनदा फोन खाली ठेवला.

अशात एका रविवारी बुधाजी आला. बुधाजी लालबागचा, मूळचा मालवणचा. कमलाकांतांच्या हाताखाली बावीस वर्षं केबली जोडलेला माणूस. स्वतः निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी तो त्यांना साहेबच म्हणतो, आणि दर उन्हाळ्यात गावाहून ओले काजू घेऊन येतो. नलूबाई काजू सोलायला बसल्या आणि साहेब त्याला उपचाराची हकिकत सांगू लागले. सुया कशा, चिमटे कसे, मशीन केवढं. बोलता बोलता त्यांनी अगदी अभिमानाने सांगितलं, की ती बटण फिरवते आणि आपण पहिल्या टिकलाच बस म्हणतो, इकडची काडी तिकडे होऊ देत नाही.

बुधाजीने चहाचा कप खाली ठेवला. मग अगदी अदबीने म्हणाला, "साहेबांनू, मेन स्वीच बंद ठेवन दिवो कसो पेटतलो?"

नलूबाईंच्या हातातला काजू तसाच राहिला. कमलाकांत आधी रागावले, मग कानापर्यंत लाल झाले.

बुधाजीला या टिकचं मूळ माहीत होतं. कमलाकांतांना नोकरीत दहाएक वर्षं झाली असताना परळच्या एका खड्ड्यात त्यांनी घाईघाईत टेस्टर न लावताच केबलला हात घातला होता. केबल जिवंत होती. चूक सर्वस्वी त्यांचीच. बोटांना झिणझिणी आली आणि हात आपोआप मागे उडाला, म्हणून वाचले. रात्री घरी येऊन त्यांनी नलूबाईंना काही सांगितलं नाही, पण बाळ राजसच्या पाळण्याशी ते पहाटेपर्यंत बसून होते. त्या दिवसापासून त्यांचा नियम झाला: झिणझिणी हा इशारा, इशारा आला की हात मागे, विचार नंतर. हा नियम त्यांनी पुढे कितीतरी पोरांना शिकवला. बुधाजी त्यातलाच एक. त्या नियमामुळे त्यांच्या टोळीत कधी कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. आणि आता तोच नियम दादरच्या दवाखान्यात बरगडीच्या आड उभा राहिला होता.

सातव्या वेळी कमलाकांत टेबलावर आडवे होण्याआधीच उभ्या उभ्या सगळं बोलून मोकळे झाले. सहा वेळा काही जाणवलं नव्हतं, आपण उगाच बस म्हणत होतो, तुमची सहा दिवसांची मेहनत पाण्यात घातली. वरिष्ठांसमोर चुकीचा कबुलीजबाब द्यावा तशी त्यांनी मान खाली घातली होती. अपूर्वा हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने थोडा विचार केला, सुया टोचल्या, चिमटे लावले, आणि मग मशीन उचलून त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलं. "काका, आज बटण तुम्हीच फिरवा," ती म्हणाली.

बटण हातात आल्यावर माणूस बदलला. कमलाकांतांनी ते चिमटीत धरलं आणि केसाएवढं फिरवलं. टिक झाली. काही नाही. आणखी थोडं. काही नाही. आणखी थोडं, आणि पाठीत कुठेतरी बारीक झिणझिणी उठली. हात बटणावरून उडाला. कमलाकांतांनी दोन-तीन श्वास घेतले, परत बटण धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा झिणझिणीच्या पुढे गेले. झिणझिणीचे ठोके झाले. एका लयीत, ठाम, कुणी बोटाने टिचक्या माराव्यात तसे. दुखत नव्हतं. उलट त्या टिचक्यांखाली बरगडीची चिडचिड लहान मुलासारखी कान देऊन ऐकत बसली. "थोडं अजून चालेल," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी बटण आणखी एक रेघ पुढे नेलं. वीस मिनिटांनी अपूर्वा सुया काढायला आली तेव्हा ते चक्क घोरत होते.

त्या रात्री काही चमत्कार झाला नाही. चमत्कार झाला असता तर गोष्ट लवकर संपली असती. पण आठव्या वेळेनंतर रजिस्टरात पहिल्यांदा दुसरा शब्द आला: किंचित. मग कमलाकांतांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे मोजमाप सुरू केलं. त्यांनी कपड्यांची शिडी केली. तळाच्या पायरीवर नलूबाईंच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा पदर. त्यावर मलमलीचा रुमाल, मग बनियन, मग खादीचा कुडता, आणि सगळ्यात वर आंघोळीचा खरखरीत पंचा. रोज संध्याकाळी एकेक कापड बरगडीवरून फिरवायचं आणि नोंद करायची. पदर नवव्या वेळेला पार झाला. त्या दिवशी नलूबाई कणीक मळत होत्या, हे त्यांचा पदर धरून मागे उभे. वयाला शोभेल असं वागा, त्या म्हणाल्या, पण पदर काही सोडवून घेतला नाही.

रुमाल दहाव्या वेळेला, बनियन अकराव्याला. बनियन घालून कमलाकांत वाडीच्या गॅलरीत तासभर फेऱ्या मारत होते आणि समोरच्या काकूंना विनाकारण नमस्कार करत होते. खादीला अजून चुरचुर होत होती. पंच्याला तर त्यांनी हातच लावला नाही. चटका जाऊन त्या जागी मुंग्या आल्यासारखं वाटत होतं, आणि मुंग्यांशी जुळवून घेता येत होतं. हे सुयांनी झालं, गोळीने झालं की नुसत्या दिवसांनी झालं, असं त्यांनी अपूर्वाला विचारलं. तिने खांदे उडवले आणि खरं सांगितलं, की तिन्हींचा हातभार असेल, एका माणसावरून छातीठोक सांगता येत नाही. कमलाकांतांनी मान डोलावली. लाईट आली की लोक टाळ्या वाजवतात, फॉल्टचा अहवाल मागाहून लिहायचा असतो.

मेमधला शेवटचा रविवार उजाडला. कमान घरी खुंटीला टांगून, बनियन आणि त्यावर धुतलेला खादीचा कुडता घालून कमलाकांत करी रोडला पोचले. नलूबाईंच्या पिशवीत करंज्यांसारख्या गोड शिंगड्यांचा डबा होता. एकविसाव्या मजल्यावर दौलत सोनार आधीच येऊन बसला होता. सोन्याची बारीक तार, स्पिरिट, कापूस मांडून. पूर्वेकडे तोंड करून पाट ठेवला होता, आणि पाटावर अर्णव बसला होता, वैदेहीचा दीर. नवा कोरा कुडता घालून.

वैदेही पुढे आली. तिने वडिलांकडे न बघता सांगितलं, की त्यांच्या कमरेला त्रास नको म्हणून अर्णवला बसवलंय. आवाज गोड होता, पण मुद्दाम केलेला गोड. मार्चमधले ते वर केलेले दोन छोटे हात तिच्या डोळ्यांसमोरून गेलेले नव्हते, हे कमलाकांतांना स्वच्छ दिसलं. फार वाईट वाटलं त्यांना. आणि आता गप्प राहिलो तर हे असंच राहील, हेही कळलं.

"कमरेला काही झालेलं नाही, वैदेही," ते म्हणाले. "कधीच झालं नव्हतं."

मग भरल्या घरात, सोनार आणि दिरासमोर, त्यांनी सगळं सांगून टाकलं. नागिणीनंतरचा चटका, प्लॅस्टिकची कमान, मनवाला पुन्हा दूर ठेवतील ही भीती, माठासमोर न प्यायलेलं पाणी. चार-पाच वाक्यांत आटपलं. वैदेहीच्या हातात साखरेची वाटी होती, ती तशीच राहिली. "मला सांगायचं ना, बाबा," एवढंच ती म्हणाली, आणि वाटी कुठे ठेवावी हे न सुचून तिने ती दौलत सोनाराच्या हातात दिली. अर्णव भला मुलगा. तो केव्हाच पाटावरून उठला होता.

कमलाकांत पाटावर बसले. मनवाला त्यांच्या मांडीवर दिलं. ती त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. तेही तिच्याकडे बघत राहिले. दौलतने उजव्या कानाची पाळी स्पिरिटने पुसली, आणि काही कळायच्या आत तार आरपार गेली. मनवाला मुळी पत्ताच लागला नाही. तिने फक्त कपाळाला आठ्या घातल्या. कमलाकांत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की बारीक सुईचं काही लागत नाही, आपल्याला अनुभव आहे.

डाव्या कानाला मात्र तिला समजलं. तिने एवढा मोठा श्वास घेतला की घर गप्प झालं, आणि मग टाहो फोडला. फोडता फोडता ती गर्रकन वळली आणि तिने आपलं डोकं आजोबांच्या छातीवर आपटलं. डाव्या बाजूला. एकदा, दोनदा, तीनदा. खादीवरून, बनियनवरून, नेमकं त्या पट्ट्यावर. मग घासलं.

नलूबाईंचं लक्ष नातीकडे नव्हतं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे होतं. तो आक्रसलेला त्यांनी पाहिला. झिणझिणी आली होती, चुरचुर आली होती, त्यामागून चटक्याची एक जुनी ओळखीची धारही आली होती. इतक्या वर्षांच्या सवयीने हात मागे जायला हवे होते. ते गेले नाहीत. त्यांनी मनवाच्या पाठीवर आणखी घट्ट वेढा घातला. चटक्याचे ठोके एकेक करून मंदावले, रडणं हुंदक्यांवर आलं, आणि तिने गाल तिथेच टेकवला.

"झालं हो, बस," नलूबाई हात पुढे करत म्हणाल्या. "आणा तिला इकडे."

कमलाकांतांचे डोळे वाहत होते आणि त्यांना ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"राहू दे, नलू," ते म्हणाले. "अजून थोडं चालेल."

मनवाने त्यांच्या धुतलेल्या कुडत्याला नाक पुसलं आणि ती झोपी गेली.